अजून सत्याऐंशी दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारणारे बदलतात, प्रश्न एकच असतो. जुन्या लष्करी रायफलीच्या लाकडी दस्त्यावर शिपायांनी काहीबाही कोरलेलं असतं. त्यात ओळीने मारलेल्या खाचा दिसल्या की आवाज जरा खाली आणून लोक विचारतात, "या खाचा म्हणजे मारलेली माणसं ना?"

नाही. निदान माझ्यासमोर आलेल्या फोटोंमध्ये तरी खात्रीने तसं म्हणता येईल असं एकही उदाहरण नाही. आणि हे मी पुस्तकी शहाणपणाने सांगत नाही. एकदा या खाचांनी मलाच चांगलं फसवलं होतं.

आधी माझा यात संबंध काय ते सांगतो. माझ्याकडे बंदूक नाही, कधी हातात धरलेलीही नाही. मला सर्बियन वाचता येतं, एवढंच भांडवल. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथल्या कोठारांतल्या जुन्या रायफली मोडीत निघाल्या आणि २००० नंतरच्या वर्षांत त्यातल्या पुष्कळ अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोचल्या. बऱ्याचशा ‘एम ५९/६६’, म्हणजे एसकेएस या सोव्हिएत रायफलीची सर्बियातल्या क्रागुयेवात्सच्या झास्तावा कारखान्यात बनलेली भावंडं. काही त्याआधीच्या ‘एम ४८’, जर्मन माउझर रायफलीच्या धर्तीच्या. घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या या रायफली पुसायला घेतल्या की लाकडावर अक्षरं दिसू लागतात. ती वाचता येत नाहीत, मग कुणाच्या तरी ओळखीने फोटो माझ्याकडे येतो.

तसाच एक फोटो आला. दस्त्याच्या डाव्या अंगावर कोरलेलं होतं: रोमन ‘जे’, रोमन ‘ओ’, तीन उभ्या खाचा, मग ८७, मग घराच्या छपरासारखं एक चिन्ह आणि त्यापुढे रोमनमध्ये वाचलं तर चक्क ‘आहा’. मालकाने अर्थ लावून ठेवला होता. जे. ओ. ही शिपायाची आद्याक्षरं, तीन खाचा म्हणजे तीन बळी, साल १९८७, छप्पर म्हणजे पलटणीची खूण. ‘आहा’चं काय करायचं तेवढं त्याला कळत नव्हतं.

शेवटचं मला लगेच लागलं. सर्बियनच्या सिरिलिक लिपीत ‘द’ छपरासारखा दिसतो आणि ‘न’ रोमन एचसारखा. म्हणजे शब्द ‘दाना’. ‘दान’ म्हणजे दिवस, त्याचं हे अनेकवचनी रूप. ८७ दिवस! इथे माझं डोकं भलत्या दिशेला धावलं. क्रोएशियातल्या वुकोवार शहराचा वेढा ८७ दिवस चालला होता आणि १८ नोव्हेंबर १९९१ ला शहर पडलं. आद्याक्षरं, तीन खाचा, ८७ दिवस. मी त्या माणसाला दोन पानी पत्र लिहिलं. वेढ्याचा इतिहास, शहरातल्या पडझडीचं वर्णन, वर या दस्त्याला हातमोजे घालून हात लावावा असा सल्ला. आज ते पत्र आठवलं की कान गरम होतात.

चूक कुठे झाली ते समजायला चाकू आणि लाकूड समजून घ्यावं लागतं. लाकडाला रेषा असतात. रेषेला आडवं किंवा तिरकं सरळ कापणं जमतं, पण गोलाई घ्यायला गेलं की चाकूचं टोक रेषेत घुसून भलतीकडे घसरतं. त्यामुळे कोरताना सगळी वळणं मोडतात. ‘ओ’चा चौकोन होतो, ‘स’ कोयत्यासारखा कोनात वाकतो. आपली मोडी लिपी लाकडावर कोरून पाहा म्हणजे कळेल. बोरू न उचलता धावण्यासाठी जन्मलेलं अक्षर चाकूखाली जगत नाही. याउलट सिरिलिकमधली काही अक्षरं मुळातच सरळ रेघांची. त्यात एक ‘श’: तीन उभ्या रेघा आणि त्यांना खालून जोडणारी एक आडवी.

आलं ना लक्षात? मला उशिरा आलं. पत्र पाठवल्यावर आठवडाभराने त्या माणसाला म्हटलं, खोलीतले दिवे बंद करून टॉर्च अगदी दस्त्याला टेकवून, आडव्या उजेडात पुन्हा फोटो काढ. समोरून पडणारा प्रकाश उथळ खुणा पुसून टाकतो, आडवा उजेड त्यांची सावली पाडतो. नव्या फोटोत त्या तीन ‘खाचां’च्या तळाशी एक झिजलेली, ग्रीसने भरलेली आडवी रेघ होती. ते तीन बळी नव्हतेच, तो ‘श’ होता. जे, ओ, श: ‘योश’. सर्बियनमध्ये योश म्हणजे ‘अजून’. अजून ८७ दिवस. दस्त्याची दुसरी बाजू मागवली तर तिथे सिरिलिकमध्येच ‘स्प्लिट ७९’. म्हणजे वुकोवारच्या बारा वर्षं आधी, समुद्रकाठच्या स्प्लिट शहरात, सक्तीच्या लष्करसेवेतला एक पोरगा घरी जायचे दिवस मोजत बसला होता.

या दिवस मोजण्याचं वेड जिथे सक्तीची सेवा तिथे सगळीकडे सापडतं. पूर्व जर्मनीच्या सैन्यात शेवटचे १५० दिवस उरले की पोरं शिंप्याची दीडशे सेंटिमीटरची टेप घेत आणि रोज एक सेंटिमीटर कापून टाकत. सोव्हिएत सैन्यात सेवामुक्तीच्या सरकारी हुकुमाआधीचे १०० दिवस हा एक सणच होता. तिथे सेवा संपत आलेल्या शिपायाला ‘आजोबा’ म्हणत, जेमतेम विशीतल्या पोराला! फिनलंडमधली सेवेतली मुलं आजही ‘आज शिल्लक’ या शब्दांची आद्याक्षरं लिहून पुढे आकडा टाकतात. युगोस्लाव्ह सैन्यात नव्या भरतीला ‘गुश्तेर’ म्हणत, म्हणजे सरडा. सरड्याची दस्त्याला चाकू लावायची हिंमत होत नसे. रायफल सरकारची, तिच्यावर कोरणं म्हणजे शिक्षेला आमंत्रण. कोरणारा बहुधा जाण्याच्या बेतात असलेला, कशाचीच पर्वा न उरलेला असतो. किंवा मग कुणी पाहणारंच नाही अशा युद्धातला अनियमित शिपाई.

अल्बानियाचं उदाहरण तर यावर शिक्कामोर्तबच आहे. ग्राम्श गावच्या कारखान्यात तिथल्या एसकेएस बनल्या, १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहाएक वर्षं. त्यांच्या दस्त्यांवर खाचा आणि चांदण्या सापडतात. एकेकावर इतक्या की माणसं मानली तर एका शिपायाने अख्खी तुकडी कापून काढली म्हणावं लागेल. पण हुकूमशहा एन्व्हर होजाच्या त्या काळात अल्बानियाने कुठलंही युद्ध लढलेलं नाही. होते ते पहारे. डोंगरावर, समुद्राकाठी, बंकरच्या तोंडाशी, तासन् तास.

युद्धातले शिपाई काहीच कोरत नव्हते असं नाही. युगोस्लाव्हिया फुटतानाच्या, १९९१ ते १९९५ मधल्या युद्धांतल्या रायफलींवर पुष्कळ काही आहे आणि तिथे जपून पावलं टाकावी लागतात. तारखेपासूनच. तिकडे दिवस आधी, महिना मागून. ‘५.४.९२’ अमेरिकन माणूस ४ मे वाचतो. ती असते ५ एप्रिल, सारायेवोचा वेढा सुरू झाला तो दिवस. कधी महिना रोमन आकड्यात असतो, त्याला लोक पलटणीचा क्रमांक समजतात. एम ४८वर तर कारखान्यानेच उठवलेल्या राजचिन्हात बारीक अक्षरांत २९ नोव्हेंबर १९४३ अशी तारीख असते आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी मला कळवतं की त्याची रायफल दुसऱ्या महायुद्धात बनलेली आहे. १९४८च्या नमुन्याची रायफल १९४३ मध्ये कशी बनेल? ती तारीख यायत्से गावातल्या सभेची, जिथे नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला गेला.

खुणा पटकन ओळखू येतात. क्रॉसच्या चार कोपऱ्यांत चार रोमन ‘सी’ दिसले तर ते सर्बियन चिन्ह. मुळात त्या गारगोटीवर घासून ठिणगी पाडायच्या पोलादी पट्ट्या, पण लोक त्यांना चार ‘स’ समजून ‘सामो स्लोगा सर्बिना स्पासावा’ असं वाचतात: सर्बाला तारेल ती फक्त एकी. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन म्हणजे क्रोएशियन. लिलीचं फूल बोस्नियाच्या सैन्याचं. पण खूण रायफलीची जात सांगत नाही, ती त्या वेळच्या हाताची असते. एका फोटोत जुन्या युगोस्लाव्हियाचा पाच टोकांचा तारा होता, त्याच्यावरून क्रॉस कोरलेला, आणि क्रॉसच्या रेघा कापत गेलेले चौकोन. कुठली रेघ कुठलीला कापते हे भिंगातून पाहिलं की क्रम लागतो. तीन हात, तीन मालक. रायफल तीच.

मला सगळ्यात जास्त मजा येते ती भाषेच्या बारकाव्यात. ‘नेहमी’ला सर्बियात ‘उवेक’ म्हणतात, बोस्निया-क्रोएशियाकडे ‘उवियेक’. आपल्याकडे दोन वाक्यांत माणूस कोकणातला की वऱ्हाडातला ते कळतं, तसंच. सिरिलिकमध्ये ‘उवियेक’ कोरलेलं असेल तर कोरणारा बेलग्रेडचा नव्हे; बोस्नियातला सर्ब किंवा माँटेनेग्रोकडचा असण्याची शक्यता मोठी. मात्र गावाचं नाव पाहून शिपाई तिथलाच असं मानू नये. जुन्या सैन्यात भरतीच्या पोराला मुद्दाम आपल्या प्रजासत्ताकाबाहेर धाडत. स्लोव्हेनियाचा मुलगा मॅसिडोनियात, सर्बियाचा क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर.

आणि फुटबॉल! एका गृहस्थांनी शब्दकोशात पाहून मला घाबऱ्या घाबऱ्या कळवलं की त्यांच्या रायफलीवर ‘ग्रोबारी’ म्हणजे ‘कबर खोदणारे’ असं कोरलंय, हे कुठलं मारेकरी पथक? ते बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबचे पाठीराखे. ‘डेलिये’ दिसलं तर रेड स्टारचे, ‘तोर्सिदा’ दिसलं तर स्प्लिटच्या हायदुकचे. मुलगा पहाऱ्यावर उभा होता आणि रविवारची मॅच चुकली होती. गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बदामात नावं कोरणाऱ्यांना मी मनापासून शिव्या देतो, पण दस्त्यावरचा बदाम पाहून राग येत नाही. हा दुटप्पीपणा आहे, मान्य.

बनावट मालही भरपूर. कोरलेल्या दस्त्याला दाम जास्त मिळतो म्हटल्यावर कोरणारे पैदा होणारच. बनावट माणूस बहुधा अक्षरात सापडतो. त्याला सिरिलिक म्हणजे उलटा आर आणि उलटा एन एवढंच ठाऊक असतं. उलट्या आरसारखं अक्षर रशियनमध्ये आहे, सर्बियन वर्णमालेत नाहीच. शिवाय विजेच्या हत्याराने केलेल्या चरीचा तळ गोल आणि एकसारखा असतो. चाकूची चर कोनाची, शेवटी घसरलेली शेपटी असलेली. आजूबाजूच्या लाकडाची छिद्रं जुन्या ग्रीसने काळी आणि चर तेवढी स्वच्छ असेल, तर ती ग्रीस पुसल्यानंतरची. म्हणूनच हात जोडून सांगतो, फोटो काढण्याआधी दस्ता घासू नका, पॉलिश तर मुळीच नको. त्या मळातच पुरावा असतो.

दुसरा प्रश्न येतो तो नावांबद्दल. पूर्ण नाव, गाव आणि १९९२ सारखं साल असेल तर मालकाला वाटतं, हा माणूस शोधून काढावा, त्याला फोटो पाठवावा. स्वित्झर्लंडच्या के ३१ रायफलीत दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीखाली शिपायाच्या नावापत्त्याची चिठ्ठी सापडते. तिथल्या संग्राहकांनी अशी पत्रं लिहिली आहेत, म्हाताऱ्यांनी आनंदाने उत्तरंही दिली आहेत. तिथे ते शोभतं. बोस्नियातल्या माणसाला मात्र १९९२ मध्ये तू या गावात हातात रायफल घेऊन होतास, असं परक्या देशातून कळवणं ही भेट नव्हे. मी नाव वाचून देतो, शोधून देत नाही. यावरून दोघांशी वाद झाला, एकाने बोलणंच सोडलं.

ते ८७ दिवसांचं राहिलं. मी दुसरं पत्र लिहिलं, पहिल्याबद्दल माफी मागितली, ‘श’ समजावून सांगितला. मला वाटलं गडी हिरमुसेल. इतकी वर्षं मित्रांना तीन बळींची गोष्ट सांगत आला होता. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. त्याला उच्चार हवा होता, रायफल दाखवताना मोठ्याने म्हणायला. देवनागरीत लिहायला कितीसं अवघड: योश ओसमदेसेत सेदम दाना. त्याच्यासाठी तेच रोमनमध्ये लिहिताना मात्र मला तीनदा खोडावं लागलं.