व्हिएन्नाची मळी

सांगलीत पळायला लागले तेव्हापासून डोक्यात एक खूळ होतं, की चढ नसेल तर ते पळणं खरं नव्हे. सांगली आपली परातीसारखी सपाट. त्यामुळे आम्ही चार-पाच जणी वर्षभर साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनच्याच गप्पा मारायचो. यवतेश्वरचा घाट न थांबता चढली ती खरी पळणारी, बाकीच्या बागेत फिरायला आलेल्या.

२०१९च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला आले आणि घर मिळालं ते डॅन्यूबच्या पलीकडे, बाविसाव्या जिल्ह्यात. शहराचे डोंगर बहुतेक पश्चिमेला, माझं घर पूर्वेला. ऑफिसातली मंडळी म्हणाली, ‘मग काय, लोबाउ आहे की तुझ्या दारात.’ नकाशा पाहिला. नदीकाठचं मोठं हिरवं रान आणि उंचीची एकही रेघ नाही. माझं तोंड उतरलं.

त्याच ऑक्टोबरात, १२ तारखेला, केनियाचा धावपटू एलियुद किपचोगे इथल्या प्राटर बागेत ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला. वेग धरून द्यायला सोबत पळणाऱ्यांच्या (पेसमेकरांच्या) टोळ्या आणि पुढे गाडी असल्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला नाही, पण दोन तासांच्या आत याआधी कुणी आलंच नव्हतं. मी गर्दीत टाचा उंच करून उभी होते, दिसले ते फक्त गुलाबी बूट. जगभरातून ही जागा निवडली त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती सपाट आणि सरळ आहे. चेस्टनटच्या झाडांमधून जाणारा तो ४.४ किलोमीटरचा रस्ता पूर्वीच्या नदीकाठच्या जंगलातूनच काढलेला. म्हणजे ज्याला मी नाक मुरडत होते तेच नेमकं त्याला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बूट घातले आणि लोबाउत शिरले.

नदीच्या पुराखाली येणाऱ्या अशा रानाला जर्मनमध्ये ‘आउ’ म्हणतात. लोबाउमधला ‘आउ’ तोच. शब्दकोशात ‘पूरमैदान’ वगैरे सापडेल, पण कृष्णाकाठच्या माणसाला एवढं लांब जायची गरज नाही. आपल्याकडे त्याला मळी म्हणतात. (हल्ली मळी म्हटलं की साखर कारखान्याची आठवते आणि नाकाला रुमाल लागतो, ती नव्हे. पूर ओसरल्यावर गाळ राहतो ती, जिच्यात कृष्णाकाठची वांगी पिकतात ती.)

डॅन्यूब इथे एकेकाळी आठ-दहा फाटे फोडून वाहायची आणि दर पुरात वाट बदलायची. १८७० ते १८७५च्या दरम्यान तिला सरळ केली, पुढे उत्तरेच्या बाजूने मातीचा लांब बांध घातला. जुने फाटे रानात अडकून पडले. आज मी ज्यांच्या कडेने पळते ती तळी म्हणजे नदीची टाकून दिलेली वळणं. म्हणूनच वाटाही सरळ नाहीत. दोनशे मीटर गेलं की पाणी आडवं, मग वळसा, मग लाकडी साकव, पुन्हा वळसा.

आता सपाटीबद्दल. पहिले दोन महिने मला सगळं एकसारखंच दिसलं. मग कळलं की इथे चढ मीटरात नाही, विताहातात मोजायचा असतो. वाट जरा खाली उतरली की पायाखाली गाळ, दोन्हीकडे वाळुंजाच्या जातीची झाडं आणि पॉप्लर. मे महिन्यात पॉप्लरचा कापूस उडतो, अगदी सावरीसारखा, आणि घामेजलेल्या कपाळाला चिकटतो. अर्धा मीटर वर आलं की ओक, खाली सावली आणि एप्रिलमध्ये रानलसणीचा गालिचा. एक पान बोटांत चुरडलं तर पुढचे पाच किलोमीटर फोडणीच्या वासात जातात. पण या पानासारखंच दिसणारं लिली ऑफ द व्हॅलीचं पान विषारी असतं, त्यामुळे मी वासावरच भागवते.

आणि मग एकदम झाडं संपतात. समोर उजाड माळ, सुकं गवत, काटेरी झुडपं, पायाखाली खडे. नदीपासून हाकेच्या अंतरावर जत तालुका! पहिल्यांदा वाटलं इथे कुणीतरी जंगल तोडलंय. तसं नाही. जुन्या पुरांनी इथे गोट्यांचे थर आणून टाकले, त्यांवर मातीचा पातळ पापुद्रा, पाणी पडलं की चाळणीतून जावं तसं खाली जातं. याला ‘हाइसलेंड’ म्हणतात, म्हणजे तापलेली जमीन. जुलैमध्ये इथून पळताना हे नाव का ठेवलं असेल ते विचारावं लागत नाही. वसंतात याच माळावर ऑर्किड फुलतात.

कुठे कुठे वाटेत पॉप्लर आडवा पडलेला असतो, बुंधा दोन्ही बाजूंनी पेन्सिलीसारखा तासलेला. बीव्हरचं काम. एकेकाळी इथून पार नाहीसा झालेला हा प्राणी १९७६पासून परत आणून सोडला. मला तो आजवर एकदाच दिसला, संध्याकाळी, पाण्यावर नुसतं डोकं. मी थांबले, त्याने शेपटी पाण्यावर अशी काही आपटली की मीच दचकले. ऑस्ट्रियाचं एकुलतं एक देशी कासवही याच तळ्यांत आहे. ओंडक्यावर ऊन खात बसलेलं असतं. माझ्या पेसवर त्याचं काय मत आहे कुणास ठाऊक.

डोंगरात हरवलं तर निदान उताराला लागलं की गाव येतं. इथे उतारच नाही. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात दाट धुक्यात शिरले, थंडीने फोन मेला आणि एका बुटक्या दगडी स्तंभापाशी पोचले. ‘फ्रेंचांची दफनभूमी, १८०९’. बरं, म्हटलं, डावीकडे घेऊ. पंचवीस मिनिटांनी धुक्यातून पुन्हा एक स्तंभ उगवला. तोच.

नेपोलियनने लोबाउत तळ ठोकला होता, तेव्हा हे बेट होतं. मे १८०९मध्ये पलीकडच्या आस्पर्न आणि एसलिंग गावांपाशी आर्चड्यूक कार्लच्या ऑस्ट्रियन फौजेने त्याला मागे रेटलं. अर्धं काम नदीनेच केलं. पाणी चढलं होतं, ऑस्ट्रियनांनी वरून जड होड्या नि ओंडके सोडले, आणि फ्रेंचांचा होड्यांचा पूल पुन्हा पुन्हा तुटत राहिला. मग नेपोलियन सहा आठवडे याच डासांत बसून राहिला आणि जुलैमध्ये वादळी रात्री नदी ओलांडून वाग्रामची लढाई जिंकला. त्याने ती वाट कशी काढली असेल ते मला माहीत नाही, मला एका कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनी काढून दिली. ‘अहो बाई, बांध शोधा,’ ते म्हणाले, ‘बांध एकदा सापडला की मग आंधळ्यालाही घर सापडतं.’

तेव्हापासून बांध माझा. एक-दीड मजला उंच, त्यावरची वाट रुळासारखी सरळ, आणि पाच किलोमीटरांतला एकमेव चढ. दर गुरुवारी मी त्यावर दहा वेळा चढउतार करते. यवतेश्वरची सर नाही, पण पोटऱ्यांना एवढं पुरतं.

गोचिडांचं मात्र सांगायलाच हवं. त्यांच्यातून मेंदूज्वर होतो, त्याची लस इथे जवळजवळ सगळे घेतात. आधी तीन डोस, मग तीन वर्षांनी बूस्टर, पुढे पाच-पाच वर्षांनी. आपल्याकडे दोडामार्गात माकडताप आला तोही गोचिडांमुळेच, आणि दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. घरी आलं की आधी गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली तपासायचं. सापडली तर चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची. तेल, रॉकेल काही लावायचं नाही. आईला हे व्हॉट्सॲपवर सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, म्हशीला होतात त्या? आणि पैसे मोजून असल्या देशात राहतेस?’

हे रान राहिलं तेही सहज नाही. १९८४च्या डिसेंबरात खाली हाइनबुर्गला वीजप्रकल्पासाठी झाडं तोडायला घेतली, तेव्हा हजारो लोक ऐन थंडीत तिथे जाऊन बसले. सरकारला नाताळात काम थांबवावं लागलं, प्रकल्प पुढे बारगळला आणि १९९६मध्ये दोनाउ-आउएन (म्हणजे डॅन्यूबच्या मळ्या) राष्ट्रीय उद्यान झालं. आज ९,६०० हेक्टरांहून जास्त, व्हिएन्नापासून ब्रातिस्लाव्हाच्या तोंडापर्यंत. लोबाउ त्याचं शहरातलं टोक.

सप्टेंबर २०२४मध्ये पूर आला. पाऊस सुरू झाला तशी माझी झोप उडाली. २०१९च्या ऑगस्टमध्ये मी इथे येऊन महिनाही झाला नव्हता आणि तिकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आई-बाबा तीन दिवस दुसऱ्याच्या गच्चीवर होते. इथे पश्चिमेकडून येणाऱ्या छोट्या व्हीन नदीने मेट्रो बंद पाडली, तिने शहराला खरा घाम फोडला. डॅन्यूबचं जादा पाणी मात्र ‘नवी डॅन्यूब’ नावाच्या पुराच्या कालव्यात वळवलं. १९७२ ते १९८८मध्ये तो खणला आणि निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट झालं, ज्यावर अर्धं शहर पळतं. आणि खाली, शोनाउ गावापाशी, बांधाला मुद्दाम ठेवलेली एक फट आहे. तिथून पुराचं पाणी उलटं मागे रानात शिरतं, सावकाश पसरतं.

वाटा उघडल्यावर मी त्या बाजूला गेले. धावणं शक्यच नव्हतं, बूट घोट्यापर्यंत रुतत होते. झाडांच्या खोडांवर गाळाची एक आडवी रेघ, सगळ्या रानभर एकाच उंचीवर, आमच्या गल्लीतल्या भिंतींवर होती तशीच. खाली बोटभर जाडीचा गाळ, वाळून तडकायला लागलेला. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार, कारण दहा मिनिटांनी फोनच आला.

‘अगं, एवढा लोण्यासारखा गाळ,’ ते म्हणाले, ‘आणि हे लोक त्यात काहीच पेरत नाहीत?’