वाशी ते बेलापूर, एका चाकावर

रविवारी पहाटे अरेंजा कॉर्नरला खांब धरून मी छत्तीस इंची युनिसायकलवर चढत होतो, तेवढ्यात कुत्रं फिरवायला आलेले एक काका थांबले, चाक खालून वर नीट बघितलं आणि म्हणाले, "दुसरं विकून खाल्लं का हो?"

घ्या.

तर हे सर्कशीतलं छोटं चाक नाही, याची सीट माझ्या बेंबीच्या वर येते आणि पेडलच्या एका फेरीत पावणेतीन मीटरच्या वर अंतर कापलं जातं, म्हणून लांबच्या राइडला हेच लागतं. गोम एकच, फ्रीव्हील नाही. पाय थांबले की चाक थांबलं, चाक थांबलं की मी डांबरावर. वाशी ते बेलापूरचं किल्ला जंक्शन धरा दहा किमी, म्हणजे साडेतीन हजार फेऱ्या, आणि त्यातली एकही फुकट नाही, उतारावरसुद्धा नाही, उलट तिथे चाक पायांना पळवतं आणि मांड्या ब्रेक मारून मारून भरून येतात.

सानपाड्यापर्यंत मस्त. मोराजचा सिग्नल लाल दिसला तसा मी लांबूनच स्पीड तोडला, कारण एवढं जड चाक जागच्या जागी पुढेमागे झुलवत उभं राहणं मला अजून जमत नाही, पण सिग्नल काही सुटेना, मग उतरलो. परत चढायला खांब शोधा! उडी मारून चढता येतं, माझं दहात तीनदा जमतं, आणि बघायला माणसं असली की शून्य.

नेरूळच्या पुढे खाडीकडून आडवा वारा, त्यात रंबलर. पडलो नाही, पायांवर उतरलो, चाक मात्र एकटंच थोडं पुढे जाऊन आडवं झालं. सीटखालच्या दुखण्याबद्दल इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

एड प्रॅट नावाचा इंग्लंडचा पोरगा २०१५ ला असल्याच छत्तीसवर सामान लादून निघाला आणि २०१८ ला जगाला फेरी मारून घरी पोचला. मी बेलापूरलाच कटिंग घेऊन राइड संपवली.

रिक्षात चाक बसेना, मग लोकलचा मालडबा. भाजीवाल्या मावशींनी पोतं सरकवलं आणि वाशी येईपर्यंत चाक गुडघ्याने दाबून धरलं, वर मलाच ओरडल्या, "बस की आता, किती उभा राहशील!"

बसवत नव्हतं.