सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथीचा वर्ग माझ्याकडे आला, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली, कारण याच मुलांना तिसरीत मीच शिकवले होते आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात ‘वाचन येत नाही’ या रकान्यात फक्त ३ नावे लिहिली होती. वर्गात मुले ३१. वाचू न शकणारी मुले तीनपेक्षा बरीच जास्त आहेत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. खोटा आकडा लिहायला मला कोणी सांगितले नव्हते. आकडा मोठा गेला की विचारणा होते, खुलासे लिहावे लागतात, म्हणून मीच तो लहान केला होता.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, आणि तरीही ही सगळी मुले मैदानावर एकमेकांशी मराठीतच भांडतात. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, असे घर आमच्याकडे नेहमीचे आहे. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे मागांची खटखट दिवसभर चालू असते. नवीन शिक्षकाला तिचा त्रास होतो, आम्हाला ती थांबली की चुकल्यासारखे वाटते.

केंद्र सरकारच्या, ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून वाचता यावे आणि अंकगणिताची मूलभूत कौशल्ये यावीत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहाव्यात-वाचाव्यात, अशी अपेक्षा आहे. माझी मुले ती वेस ओलांडून पुढे आलेली होती, निदान कागदावर. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या तिसरीतली फक्त २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली होती, आणि जागतिक बँकेने २०२२ मध्ये असा अंदाज मांडला होता की, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. असे आकडे प्रशिक्षणात पडद्यावर दिसतात, आपण ते वहीत उतरवतो आणि चहाला जातो. ते आपल्या वर्गाचे आहेत असे मात्र वाटत नाही, कारण वर्ग एका सुरात धडा म्हणतो तेव्हा तो चांगलाच म्हणतो.

म्हणून मी ठरवले की या वेळी लेखी चाचणी घ्यायची नाही, प्रत्येक मुलाला एकट्याला व्हरांड्यात बोलवायचे. पद्धत ‘असर’चीच घेतली: आधी पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद द्यायचा, तो वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. एका मुलाला चार-पाच मिनिटे लागत, आणि उरलेल्या वर्गाकडे तेवढा वेळ कोणी पाहायचे हा प्रश्न असल्यामुळे ३१ मुलांना मला आठ दिवस लागले.

वर्गात सर्वांत मोठ्याने वाचणारा एक मुलगा होता. त्याला आधी ओळखीचा धडा दिला, तर त्याने एका ओळीवर बोट ठेवून धडाधड वाचले. मात्र बोट तिसऱ्या ओळीवर असताना तोंडात पाचवी ओळ होती, आणि पान उलटण्याआधीच पुढच्या पानावरचे पहिले वाक्य त्याने म्हणून टाकले होते. नवा परिच्छेद पुढे ठेवला तेव्हा तो गप्प बसला. सुट्या शब्दांत ‘पाणी’ त्याने वाचला, ‘विहीर’वर अडला. तीन वर्षे हा मुलगा ऐकून पाठ करत होता, आणि त्याची स्मरणशक्ती इतकी चांगली होती की मला शंकाही आली नव्हती.

आठ दिवसांनी वहीत आकडे असे होते: गोष्ट वाचणारी ८, परिच्छेदापर्यंतची ६, शब्दापर्यंतची ९, अक्षरापर्यंतची ६, आणि अक्षरेही नीट न ओळखणारी २. म्हणजे गेल्या वर्षीच्या त्या रकान्यात ३ नव्हे, १७ नावे असायला हवी होती.

गणिताकडे वळल्यावर जे हाती लागले, त्याची मात्र मला काहीच कल्पना नव्हती. एका मुलीला मी “सत्तेचाळीस लिही” म्हटले, तर तिने ७४ लिहिले. “एकोणपन्नास” म्हटले, तर ५१. निष्काळजीपणा म्हणून मी ते सोडून देणार होते, पण व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो आणि घाई नव्हती, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या, भाजीबाजारात शिकलेल्या तेलुगूत विचारले, “नलभै एडु?” तिने क्षणात ४७ लिहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की हे आधीच का नाही विचारले.

उलगडा अगदी साधा आहे. तेलुगूत आणि कन्नडमध्येही चाळीस आधी येतात आणि सात नंतर, म्हणजे ज्या क्रमाने ऐकायचे त्याच क्रमाने लिहायचे. मराठीत सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, पण लिहिताना चार आधी लिहावा लागतो. त्यातच ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतात पण लिहायचे नसतात, आणि एक ऐकू येतो तो वजा करायचा असतो. ज्याच्या कानावर हे शब्द जन्मापासून पडले आहेत, त्याला यातले काहीच खुपत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर जी थट्टा झाली, तिच्यात आमच्या शिक्षक-खोलीतले हसूही होते आणि त्यात माझाही वाटा होता. गणित समितीच्या मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांना ते सोपे जाते असे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला होता. मी त्यांचे म्हणणे वाचले होते आणि माझ्या वर्गाशी त्याचा संबंध आहे असे मला वाटले नव्हते. सोलापुरात राहून हे सुचू नये, याचे मला आजही नवल वाटते.

त्याच मुलीला ४० वजा २३ दिले. तिने उत्तर लिहिले २३. शून्यातून तीन जात नाहीत म्हणून तिनातून शून्य वजा केला, चारातून दोन गेले, झाले. दोन-तीन दिवसांनी तिची आई शाळेत आली तेव्हा मी हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, “हिशोबात कच्ची नाही हो बाई ती. माझे कट्टे रोज तीच मोजते.” पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर. मी मुलीला तिथेच विचारले की आईचे तेवीस कट्टे झाले असतील तर हजाराला किती राहिले, आणि तिने बोटेही न हलवता सतरा म्हणून सांगितले. वहीतले ४० आणि विडीचे चाळीस या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्यातही हेच दिसले आहे: गिऱ्हाइकाशी अवघड हिशोब तोंडी करणारी मुले शाळेतल्या साध्या उदाहरणाला अडतात, आणि शाळेत शिकणाऱ्यांचे नेमके उलटे होते. (कट्टे मोजणे वेगळे आणि मुलीला विड्या वळायला बसवणे वेगळे, दुसरे मला मान्य नाही, आणि ते मी त्या ताईंना सांगितलेही.)

पुढचे काम नवीन नव्हते. मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवून रोज ठरावीक वेळ शिकवण्याची ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेने रुजवली. मागे पडलेल्या मुलांसाठीच्या ‘प्रथम’च्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि झांबियासारख्या देशांतही ही पद्धत आता वापरली जाते. आम्ही तिसरी ते पाचवीच्या तीन शिक्षकांनी परिपाठानंतरचा दीड तास एकत्र केला आणि मुले वाटून घेतली. मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रम मागे पडेल असे बजावले आणि नंतर अडवले नाही. एक पालक मात्र चिडून आले, कारण पाचवीतला त्यांचा मुलगा तिसरीच्या पोरांत बसत होता. त्यांची समजूत मला पूर्णपणे घालता आली नाही. मुलगा गटात रमला, म्हणून विषय मिटला.

वाचनाच्या गटात माझा पहिला महिना वाया गेला. मी बाराखडी घोकून घेत राहिले, आणि पाठांतरात पटाईत असलेली मुले तीही पाठ म्हणू लागली. मग क्रम उलटा केला: मुलांनी वाक्य सांगायचे, मी फळ्यावर लिहायचे, आणि त्यातलेच शब्द व अक्षरे सुटी करायची. पहिले वाक्य आले, “लाइट गेली, माग बंद आहे.” तो धडाधड वाचणारा मुलगा ‘माग’मधला ग आणि ‘गेली’मधला ग एकच आहे हे कितीतरी वेळ फळ्याजवळ उभा राहून पाहत होता. ‘विहीर’ त्याला ऑक्टोबरमध्ये आली.

संख्यांसाठी आइसक्रीमच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेतल्या. आधी गठ्ठे मांडून “चाळीस सात” म्हणायचे, लिहायचे, मगच “सत्तेचाळीस” हे मराठी नाव जोडायचे. ज्याला हवे त्याने मधे तेलुगूत किंवा कन्नडमध्येही म्हणायचे. हातच्याची वजाबाकी गठ्ठा सोडून शिकवली, आणि उदाहरणे कट्ट्यांची घेतली. कारखान्यात नापास होऊन परत आलेल्या विड्यांना छाट म्हणतात. हजारातून छाट वजा करायला सांगितले की वर्ग एकदम शांत होऊन कामाला लागे, कारण छाट गेली की मजुरी जाते, हे निम्म्या वर्गाला घरचे माहीत होते.

फेब्रुवारीत पुन्हा व्हरांड्यात बसले. गोष्ट वाचणारी १९, परिच्छेदाची ६, शब्दाची ४, अक्षराची २. त्या अक्षरांपाशी थांबलेल्या दोघांपैकी एक जण चार महिने गावी होता; दुसऱ्याचे काय चुकते आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

वर्षअखेरीच्या तक्त्यात त्या रकान्यात ६ नावे लिहिली. आठवड्याभरात विचारणा आली: गतवर्षी ३ असताना यंदा ६ कशी, याचा लेखी खुलासा करावा. मी खुलाशात लिहिले की गतवर्षीची संख्या १७ होती, ती ३ अशी मी चुकीची नोंदवली होती, आणि खाली सही केली.