जर्मनीतून ड्रिल मशीन आणावे का?

सुटीत गावी येण्याची तारीख कळवली की दारव्ह्याकडच्या आमच्या गोतावळ्यातून ज्या फर्माइशी येतात, त्यांत अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनची भर पडली आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की पाच-सहा हजारांत बसत असेल तर दादाने जर्मनीतूनच आणावे, कारण तिकडचा माल पक्का असतो. माझे मत वेगळे आहे आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

जर्मनीत हे यंत्र जवळजवळ घरोघरी दिसते. भाड्याचे घर पुष्कळदा ओट्याशिवाय आणि कपाटांशिवाय मिळते, छतातून दिव्याच्या नुसत्या तारा लोंबत असतात आणि कारागिराची मजुरी न परवडणारी असल्यामुळे भाडेकरूलाच हात चालवावा लागतो. (रविवारी मात्र भिंतीला भोक पाडण्याची सोय नाही, शांततेचा नियम शेजारी काटेकोरपणे पाळायला लावतात.) या घरांत पोकळ जिप्समच्या भिंती आणि लाकडी फळ्यांचे फर्निचर बरेच असते, त्यामुळे हलके यंत्र पुरते. आपल्याकडे भाजलेल्या विटांची भिंत, आरसीसीचा स्लॅब, जुनी सागवानी चौकट आणि गोठ्याच्या लोखंडी अँगलवर बसवलेली टिना, अशी चार तऱ्हेची कामे एकाच घरात निघतात. तेव्हा यंत्राआधी कामाचा विचार करावा.

विटेत स्क्रूसाठी गिट्टी बसवायची असेल, तर हॅमरची (फिरता फिरता ठोके देण्याची) सोय असलेले 18 व्होल्टचे यंत्र आणि कार्बाइड या कठीण धातूच्या टोकाचे बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, पुरते. स्लॅबचे काम निराळे आहे. अशा यंत्राच्या खोक्यावर मिनिटाला वीस-पंचवीस हजार ठोके असा आकडा छापलेला असतो, पण ते ठोके दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून निघतात आणि त्यांत जोर फारच थोडा असतो. एसडीएस पद्धतीचे (खाचा असलेले बिट अडकवण्याचे) रोटरी हॅमर मिनिटाला चार-पाच हजारच ठोके देते, परंतु आतला दट्ट्या हवेच्या दाबाने आदळत असल्यामुळे काँक्रीट त्यालाच दाद देते. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लागणारे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा तालुक्याच्या गावी भाड्याने मिळत असेल तर पाहावे.

व्होल्टच्या आकड्याने गडबडून जाऊ नये. एकावर ‘18 व्होल्ट’ आणि दुसऱ्यावर ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले असले, तरी आत बहुधा तेच पाच लिथियम सेल असतात. पहिला आकडा सरासरी व्होल्टेजचा आणि दुसरा भार नसताना पूर्ण भरलेल्या बॅटरीचा. टॉर्कचेही (यंत्राच्या पिळण्याच्या जोराचेही) तसेच आहे. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कठीण कामाचा असतो आणि लाकडात उपयोगी पडणारा मऊ कामाचा आकडा त्याहून बराच कमी, कित्येकदा निम्मा, असतो. सागवानात स्क्रू थेट घुसवण्याऐवजी आधी बारीक भोक पाडले, तर 12 व्होल्टचे यंत्रही चौकटीचे काम निभावते. दोन गती आणि जोराची मर्यादा ठरवणारी क्लचची कडी मात्र असलीच पाहिजे, नाहीतर स्क्रूचे डोके झिजते. कार्बन नसलेली, म्हणजे ब्रशलेस, मोटर चार्ज जास्त टिकवते हे खरे. पण कमी पैशांत मी कार्बनवाली मोटर घेईन आणि वाचलेले पैसे दुसऱ्या बॅटरीवर घालीन, कारण झिजलेला कार्बन कुठेही बदलून मिळतो.

खरा खर्च बॅटरीचाच आहे आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. इतकेच काय, बॉशच्या हिरव्या घरगुती आणि निळ्या व्यावसायिक यंत्रांच्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्याही एकमेकांत चालत नाहीत. इथे जर्मनीत सवलतीत मिळणारे यंत्र बहुधा नुसते धड असते. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. इथल्या सुपरमार्केटची यंत्रे स्वस्त आणि बऱ्यापैकी असली, तरी त्यांची बॅटरी यवतमाळला कुठून मिळणार? इथली हमीही नागपूरच्या सेवा केंद्रात चालेलच असे नाही.

जर्मनीतून आणलेल्या चार्जरची अडचण येत नाही, कारण दोन्हीकडे वीज 230 व्होल्टचीच आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 120 व्होल्टचा चार्जर आणून थेट लावला, तर तो जळून जाईल. विमानात यंत्र सामानाच्या बॅगेत आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. बॅटरी 100 वॉट-तासांपर्यंतची असावी. त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते. 18 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तास म्हणजे 90 वॉट-तास, त्यामुळे ती चालते.

उन्हाळ्याची बाबही लक्षात घेतली पाहिजे. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसती हवाच तिथवर जाते, मग टिनाखालच्या गोठ्याची काय कथा. घरात, सावलीच्या खोलीत, पहाटे चार्जिंग करावे.

म्हणून भावाला सुचवले आहे की भिंतीसाठी तारेचे, म्हणजे थेट विजेवर चालणारे, हॅमर ड्रिल आणि स्क्रूसाठी, वावरातल्या किंवा लोडशेडिंगमधल्या कामासाठी दोन बॅटऱ्यांचे 12 व्होल्टचे यंत्र, अशी जोडी यवतमाळच्या दुकानातूनच बघावी. दोन्ही एकदम परवडत नसतील तर तारेचे आधी घ्यावे. बिट मात्र मी इथून आणीन. ती हलकी असतात, त्यांना बॅटरी लागत नाही आणि सामानाच्या बॅगेत सहज मावतात.