आरशात नुसत्या पाठी

तुर्भ्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट तोंडावर आल्या की स्मरणचित्राची घोकंपट्टी सुरू होते: बाजार, बस स्टॉप, भाजीवाली. त्या दिवशी ती बाजूला ठेवून नववीच्या मुलांना प्रोजेक्टरवर न्यूयॉर्कच्या मिअर्ल लॅडरमन युकलीझचं काम दाखवलं. १९७९-८० मध्ये ही कलावंत शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना भेटली, प्रत्येकाशी हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. "मॅडम, पण यात चित्र कुठंय?" हा प्रश्न आलाच.

मग तिची १९८३ ची कचरागाडी दाखवली. अख्खी आरशांनी मढवलेली. कचरा करणाऱ्यांना त्यात स्वतःचाच चेहरा दिसावा म्हणून. मुलं खूश! आपली घंटागाडी अशी केली तर?

"आपल्याकडे चेहरा नाही दिसणार," एक मुलगी म्हणाली. "लोक डबा ठेवतात, नाक दाबतात नि वळतात. आरशात नुसत्या पाठी दिसतील." तिचे पप्पा घंटागाडीवर कंत्राटी कामगार आहेत, हे तिनं वर्गात पहिल्यांदाच सांगितलं.

एका मुलानं विचारलं, तिथल्या कामगारांची जात कोणती? मी आडपडदा ठेवला नाही. तिथं ही परीक्षा देऊन मिळणारी, पेन्शनची सरकारी नोकरी. तरी लोक हलकं लेखत, म्हणून तर युकलीझ गेली. आपल्याकडे मात्र झाडू बहुतेकदा जन्माबरोबरच हातात येतो. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, तरी माणसं गटारात गुदमरून मरतातच. हे चित्रकलेच्या तासाला बोलायचं नाही, तर कधी?

त्या मुलीनं जे काढलं ते स्मरणचित्रच होतं. गाडीच्या आरशात पाठमोरी माणसं, गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई. समोर पप्पा: एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा, नखांच्या कडा काळ्या. फाटलेल्या मोज्याच्या जागी नवा लवकर मिळत नाही, म्हणाली.

स्वच्छ शहरांच्या यादीत २०२३ ला नवी मुंबई देशात तिसरी आली. इथल्या भिंतींवर स्वच्छतेची चित्रं भरपूर आहेत. त्यांच्यातच हे लागावं म्हणून मी अर्ज लिहिलाय. अख्ख्या वर्गानं सह्या केल्या. ती थांबली, पप्पांच्या कामावर गदा आली तर? आधी त्यांना विचारते, म्हणाली. नाव न घालता लावू, असं मी सुचवलं. ते मात्र तिनं साफ नाकारलं. लागलं तर नावासकटच लागेल.