हिस्पॅनिक मतदारांचा टक्का कोर्टात टिकवताना : माझा अनुभव

टेक्सासमध्ये मतदारसंघांच्या सीमा आखताना हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या) समाजाचे मतबळ फोडले का, यावरून होणाऱ्या वादांत अडचण मुळातच आहे. जनगणना माणसे मोजते, मतदार नाही. 2020 च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जिंगल्स (1986) आणि बार्टलेट (2009) या निकालांनुसार अल्पसंख्याक समाज एका आटोपशीर मतदारसंघात 50 टक्क्यांच्या वर जाऊ शकतो हे दाखवावे लागते, आणि हिस्पॅनिकांबाबत टक्का धरायचा तो प्रौढ (18 वर्षांवरच्या) नागरिकांचा. लरेडो शहराची वेब काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) दोन मतदारसंघांत कापली तेव्हा 23 व्या मतदारसंघात प्रौढांमध्ये हिस्पॅनिक निम्म्याहून किंचित जास्तच राहिले होते, पण प्रौढ नागरिकांत 57.5 वरून 46 टक्क्यांवर आले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच दुसरा आकडा धरला.

मी सेन्सस ब्युरोचा (जनगणना खात्याचा) प्रौढ नागरिकांचा विशेष तक्ता घेतो, ब्लॉकग्रुपच्या पातळीवरचा. ब्लॉक हा जनगणनेचा सर्वांत लहान भाग, आणि शेजारच्या ब्लॉकांचा गट म्हणजे ब्लॉकग्रुप. त्यात ओळ 1 एकूण, ओळ 13 हिस्पॅनिक. तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नागरिकत्व विचारणाऱ्या नमुना पाहणीच्या 5 वर्षांच्या नमुन्यावर बेतलेला असतो. 2016–2020 चा संच 2020 च्या सीमांवर आहे, त्याआधीचा 2010 च्या. दोन्ही एकत्र केले की जुळणी फसते. शिवाय आकडे गोल केलेले असतात : 1 ते 7 ला 4, पुढे जवळचा 5 चा पट. लहान ब्लॉकग्रुप खूप असले तर बेरीज सरकते, म्हणून ती काउंटीच्या आकड्याशी ताडून पाहावी.

खरी चूक होते ती मतदारसंघाची रेषा ब्लॉकग्रुपच्या मधून जाते तिथे. तिथले हिस्पॅनिक नागरिक ब्लॉकांमध्ये वाटायचे ते जनगणनेतल्या हिस्पॅनिक प्रौढांच्या प्रमाणात. एकूण प्रौढांच्या प्रमाणात वाटले, तर एका बाजूला हिस्पॅनिक वस्ती आणि दुसऱ्या बाजूला नवी गोरी वसाहत असली तरी दोन्हींना एकच टक्का लागतो. उलटतपासणीत पहिला घाव इथेच बसतो, आणि तो योग्यच असतो.

मग त्रुटीची सीमा, म्हणजे नमुन्यावरून काढलेला अंदाज वर-खाली किती चुकू शकतो ते. बेरजेसाठी वर्ग करून मिळवायचे, मग वर्गमूळ : 90 आणि 120 मिळून 150 होतात, 210 नव्हे. शून्य अंदाजाचे ब्लॉकग्रुप अनेक असले तर त्यांची सर्वांत मोठी सीमा एकदाच धरायची. समजा 20,000 प्रौढ नागरिकांपैकी 10,400 हिस्पॅनिक, म्हणजे 52 टक्के, आणि सीमा अनुक्रमे 700 व 600. 600 च्या वर्गातून (0.52 × 700) चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या, 20,000 ने भागा : ±2.4, 90 टक्के विश्वासपातळीवर. खालचे टोक 49.6! इथे पुष्कळ वकील घाबरतात. पण दिवाणी दाव्यात ‘असण्याची शक्यता अधिक’ एवढे सिद्ध करायचे असते. शिवाय 5 वर्षांच्या सरासरीचा मध्य जुना असतो. हिस्पॅनिक समाज तरुण असल्याने दरवर्षी 18 पूर्ण करणारे नागरिक त्यात मागे राहतात. हे मी अहवालातच लिहितो, सीमा लपवत नाही.

दुसरा, स्वतंत्र आधार हवाच : मतदारयादीतली स्पॅनिश आडनावे. जनगणनेच्या आडनावयादीत गार्सिया नावाचे सुमारे 92 टक्के लोक हिस्पॅनिक आहेत. पण सांतोस, रेयेस, क्रूझ ही नावे फिलिपिनोंचीही आहेत, आणि गोव्याच्या फर्नांडिसांचे आडनाव ‘एस’ने संपते, स्पॅनिशांचे ‘झेड’ने, अंदाजे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला हा फरक दिसत नाही. लग्नानंतर बदललेली आडनावे दोन्ही दिशांनी चूक आणतात. म्हणून मी हो-नाही असा शिक्का न मारता प्रत्येक आडनावाची टक्केवारी त्या ब्लॉकच्या हिस्पॅनिक प्रमाणाशी जोडून संभाव्यता काढतो, आणि मतदानकेंद्रनिहाय बेरीज करून ती वरच्या आकड्याशेजारी ठेवतो.