काउंट नॉर्मल, तरीही

बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, हार्मोन्स झाले, नळ्यांचा एक्स-रे झाला. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या आठवड्याच्या आत सगळं संपलं. मला मात्र दीड वर्ष कुणी काही विचारलं नाही, आणि मीही स्वतःहून पुढे झालो नाही. त्याचं वाईट आजही वाटतं.

शेवटी माझी वीर्यतपासणी ठरली, पण पहिली फुकट गेली. नमुना घरून आणला तरी चालेल, पण तासाच्या आत पोचवा, असं लॅबनं बजावलं होतं. धायरीहून डबी शर्टाच्या आत धरून निघालो आणि राजाराम पुलाच्या अलीकडे अडकलो. पोचायला सव्वा तास लागला. रिपोर्टात शुक्राणूंची हालचाल 22 टक्के! ती रात्र कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. पुढच्या वेळी चार दिवसांचं अंतर ठेवून नमुना लॅबमध्येच दिला. हालचाल 51 टक्के, काउंट मिलीलीटरला 4 कोटी 80 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 42 टक्के आणि 1 कोटी 60 लाख आहे. मी सुटलो असं वाटलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "शुक्राणू किती आहेत आणि कसे पळतात, एवढंच यात कळतं. ते आत काय घेऊन चाललेत, ते नाही कळत." म्हणून त्यांनी डीएनए फ्रॅगमेंटेशन, म्हणजे शुक्राणूंमधला डीएनए किती तुटलाय ते पाहणारी तपासणी सांगितली.

लॅबमधल्या ताईंनी ती नीट समजावली. शुक्राणू जेलीसारख्या थरात बसवतात, आधी आम्लाची आणि मग प्रथिनं काढून टाकणाऱ्या द्रावणाची प्रक्रिया करतात. डीएनए धड असेल तर त्याचे वेटोळे सुटून डोक्याभोवती मोठं वलय पसरतं. तुटलेला असेल तर वलय छोटं उठतं, नाहीतर उठतच नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शुक्राणू मोजायचा. शंभरातले माझे 36 बिनवलयाचे किंवा छोट्या वलयाचे निघाले. 30च्या वर गेलं की साधारण जास्त धरतात.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप?" डेंग्यू होऊन दोन महिने झाले होते. शुक्राणू तयार व्हायला जवळपास 74 दिवस लागतात, म्हणजे तापातलं नुकसान आत्ता दिसत होतं. शिवाय रोजच्या सहा-सात सिगारेटी. आधीच्या दोन्ही वेळी हेच कारण होतं का, हे आता सांगता येणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. त्यांच्या या खरेपणाचा मला आधार वाटला.

सिगारेट त्याच संध्याकाळी सोडली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, 21 आले. एवढ्यानं मूल होईलच असं नाही, हेही मॅडमनी सांगितलं. आता दोघांचे रिपोर्ट एकाच फायलीत लावतो. पुढची भेट सोमवारी आहे, आणि मी रजा टाकली आहे.